आघातानंतर शरीराशी पुन्हा ओळख

लैंगिक अत्याचाराच्या जखमा भरल्या, खटल्याचा निकालही लागला, तरी पीडित स्त्रीचे शरीर अनेकदा त्या प्रसंगातच अडकून राहते. मागे पाऊल वाजताच काळीज धडधडते, झोप उडते, स्वतःचे अंगही परके वाटू लागते. अशा वेळी व्यायामाचा उपयोग होतो काय, या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेत झाला आहे.

बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क व त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली अशा एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आघातजन्य मनोविकार जडलेल्या व उपचारांनी न सुधारलेल्या ६४ स्त्रियांचे त्यात दोन गट करण्यात आले. एका गटास दहा आठवडे योगाचे धडे देण्यात आले, तर दुसऱ्यास आरोग्यविषयक माहिती. अखेरीस योगगटातील ५२ टक्के, तर दुसऱ्या गटातील २१ टक्के स्त्रिया निदानाच्या कक्षेतून बाहेर आल्या. पुढे, सैन्यात असताना लैंगिक अत्याचार सोसलेल्या निवृत्त महिला सैनिकांवरील अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात योग हा एका मान्य मानसोपचाराच्या तोडीचा ठरला. शिवाय तो अर्ध्यावर सोडणाऱ्या स्त्रिया कमी निघाल्या.

मात्र हा योग कवायतीच्या मैदानावरचा नव्हे. येथे हुकूम नसतो. शिक्षिका "हवे असल्यास हात वर घ्या" असे सुचविते. आसन करावे, बदलावे की सोडावे, हे त्या स्त्रीनेच ठरवावयाचे. आसन सुधारण्याच्या निमित्ताने शिक्षिका तिच्या अंगाला हात लावीत नाही. शरीरावरचा जो अधिकार बळाने हिरावला गेला, तो अशा लहान लहान निवडींतून परत मिळतो. सक्तीचा व्यायाम, मग तो कितीही शास्त्रशुद्ध असो, नेमके उलटे करतो!

शाळेत किंवा महिला मंडळात व्यायाम शिकविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. धावल्याने वाढणारी धडधड व लागणारी धाप भीतीच्या लक्षणांसारखीच असते. म्हणून आरंभ संथ असावा. डोळे मिटण्याचा किंवा उताणे निजण्याचा आग्रह नको. दार दिसेल अशी जागा द्यावी, आणि एखादी मध्येच उठून गेल्यास कारण विचारू नये.

व्यायाम हा उपचारांची जागा घेत नाही. पीडितेवर तत्काळ व विनामूल्य उपचार करणे सरकारी तसेच खाजगी रुग्णालयांस कायद्याने बंधनकारक आहे. साहाय्यासाठी महिलांनी १८१ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.