वनतैलांपासून साबण : क्षाराची मात्रा व आमची एक चूक

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत चिकित्सा करणाऱ्या वैद्यास स्नेहद्रव्यांची वाण नाही. मोहाची टोळ, करंज, निंब, कोशाम्र म्हणजेच कुसुंब ही सर्व द्रव्ये ग्रामस्थ स्वतः गोळा करतात. या तैलांपासून घरगुती पद्धतीने साबण करावा व तो त्वग्विकारांत वापरावा, असा विचार आमच्याप्रमाणेच अनेक वैद्यबंधूंच्या व औषधालयचालकांच्या मनात येत असेल. या प्रयोगांतून आम्हांस जे शिकावयास मिळाले, ते चुकीसह येथे मांडीत आहोत.

प्रयोगाचे निमित्त

झाडीपट्टीत आषाढ-श्रावणात रोवणी चालते. दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत वर्णिलेला अलस तो हाच. दूषित कर्दमाचा स्पर्श हा त्याचा हेतू. या रुग्णांना संध्याकाळी पाय धुण्यासाठी करंजतैलयुक्त साबण द्यावा, हा आमचा हेतू होता.

खोबरेल तेलाच्या साबणाची एक कृती आमच्या हाती होती. तीत 1 किलो तेलास 183 ग्रॅम कॉस्टिक सोडा सांगितला होता. खोबरेलाऐवजी आम्ही मुख्यतः मोहाचे तेल व थोडे करंजतैल घेतले. सोड्याचे प्रमाण मात्र तेच ठेवले. साबण घट्ट व देखणा झाला. पण ज्या स्त्रीस तो प्रथम दिला, तिच्या बोटांतील भेगांत तीव्र दाह होऊन त्वचा सोलवटली. भरपूर पाण्याने पाय धुऊन, साबण बंद करून, शतधौत घृताच्या लेपाने चार-पाच दिवसांत आराम पडला. दोष करंजाचा नव्हता, आमच्या गणिताचा होता.

प्रत्येक तैलाची मात्रा वेगळी

तैलातील मेदाम्ले व क्षार यांच्या संयोगाने साबण व ग्लिसरीन तयार होते. 1 ग्रॅम तैलाचा पूर्ण साबण होण्यास जितके मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते, तो त्या तैलाचा साबणीकरण अंक होय. खोबरेलाचा हा अंक सुमारे 257, मोहाच्या तेलाचा सुमारे 192, तर करंजतैलाचा सुमारे 188 आहे. कॉस्टिक सोड्याचे प्रमाण काढण्यासाठी या अंकास 0.713 ने गुणावे. त्यानुसार 1 किलो तैलास लागणारा सोडा असा :

खोबरेल – 183 ग्रॅम
मोह – 137 ग्रॅम
करंज – 134 ग्रॅम

म्हणजे आमच्या साबणात दर किलोमागे सुमारे 46 ग्रॅम, अर्थात गरजेच्या एक-तृतीयांश इतका क्षार मोकळा राहिला होता. भग्न त्वचेवर आपण अजाणता प्रतिसारणीय क्षारच लावीत होतो!

राखेच्या क्षाराविषयी

बाजारी सोडा टाळून पलाशाच्या राखेचा क्षार वापरावा, असेही काहींस वाटते. सुश्रुतांच्या क्षारपाकविधीत राखेच्या सहापट जल घेऊन ते 21 वेळा गाळावयास सांगितले आहे. या जलात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. ते सौम्य असल्याने तैलाचा पूर्ण साबण करू शकत नाही. त्यात भाजलेले शंख-शुक्ती मिसळले की चुन्याच्या योगाने क्षार तीक्ष्णतर होतो. सुश्रुतांनी मृदु क्षार प्रतिवापाविना व मध्यम क्षार या प्रतिवापासह सांगितला आहे, त्याचे मर्म आधुनिक रसायनशास्त्राने असे स्पष्ट होते. परंतु अशा क्षाराचे बल प्रत्येक वेळी निराळे असते आणि पोटॅशचा साबण मऊच राहतो. म्हणून वडी करण्यास तो योग्य नाही.

सुधारित कृती

मोहतैल 600 ग्रॅम, खोबरेल 250 ग्रॅम, करंजतैल 150 ग्रॅम. यास गणिताने 148 ग्रॅम सोडा लागतो. त्यातून 5 टक्के कमी करून 140 ग्रॅम घ्यावा, म्हणजे थोडा स्नेह शिल्लक राहतो. जल 320 मिली. केवळ मोहतैलाच्या साबणास फेस कमी येतो, म्हणून खोबरेल आवश्यक आहे.

सोडा नेहमी पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी ओतू नये. भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्यावे, अॅल्युमिनियमचे कदापि नाही. हातमोजे व चष्मा वापरावा. सोडा व तैले ग्रॅमच्या काट्यावरच तोलावीत. द्रावण व तैल कोमट झाल्यावर एकत्र करून घट्टसर होईपर्यंत घोटावे व साच्यात ओतावे. वड्या कापून हवेशीर जागी चार ते सहा आठवडे ठेवाव्यात.

नंतर साबणाचा कीस उदासीन अल्कोहोलमध्ये विरघळवून फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकावा. गुलाबी रंग आल्यास मोकळा क्षार शिल्लक आहे. तो साबण रुग्णास देऊ नये.

अन्य द्रव्यांचे अनुभव

हळद घातली असता साबण तांबडा होतो. हळदीस क्षाराचा योग देऊन कुंकू करतात, तोच हा प्रकार. मोहफुलांचा काढा घातल्यास त्यातील शर्करेमुळे मिश्रण फार तापते व काळपट होते. निंबतैलातील अॅझाडिरॅक्टिन तीव्र क्षारात टिकत नाही. म्हणून निंबाचा साबण म्हणजे निंबाचे सर्व गुण, असे समजू नये. कुसुंबाच्या तैलात सायनाइडजनक घटक असल्याने ते आम्ही वर्ज्य केले. भल्लातकाचा अंशही साबणात येऊ देऊ नये.

मर्यादा

निर्दोष साबणाचाही पीएच 9 ते 10 असतो, त्वचेचा मात्र साडेपाचच्या आसपास. त्यामुळे रूक्ष, स्फुटित किंवा सव्रण त्वचेवर साबण हितकर नाही. तेथे उद्वर्तन अथवा क्वाथाने धावनच योग्य. चिखल्यांच्या रुग्णांना आम्ही आता भेगा भरेपर्यंत त्रिफळा क्वाथाने धावन व नंतर करंजतैल देतो. साबण केवळ अभग्न त्वचेसाठी, रोवणीनंतर पाय स्वच्छ करण्यास वापरतो. साबण हा मलहर आहे, औषध नव्हे.

औषधालयचालकांनी हेही ध्यानी घ्यावे की, विक्रीसाठी साबण करावयाचा तर सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 नुसार उत्पादन परवाना लागतो. आणि रोग बरा करण्याचा दावा केल्यास तो औषधांच्या कायद्याच्या कक्षेत येतो. परवान्याविना स्वनिर्मित वडी रुग्णास विकणे योग्य नव्हे.

मात्रा चुकली तर अमृतही विष होते, हे आपण रुग्णास नित्य सांगतो. तैल बदलले की क्षाराचे गणित पुन्हा मांडावे, एवढेच आमच्या अनुभवाचे सार. वैद्यबंधूंनीही आपले प्रयोग, विशेषतः फसलेले, या पत्रिकेतून अवश्य कळवावेत.