हाउजीतून अंकगणित

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• संख्यांची नावे मुलांना अवघड का वाटतात, हे सांगू शकाल;
• घरातील साध्या वस्तूंपासून गणिताची हाउजी तयार करू शकाल.

बंगळुरूमध्ये वाढणारे मराठी मूल एकच संख्या अनेकदा तीन नावांनी ऐकते. घरी ती 'सत्तावीस', इंग्रजी शाळेत 'ट्वेंटी सेव्हन' आणि बाजारात कन्नडमधील 'इप्पत्तेळु' असते. इंग्रजी व कन्नडमध्ये आधी दशक आणि मग एकक उच्चारले जाते. मराठीत सात आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र २ आधी लिहावा लागतो. त्यामुळे २७ ऐकून ७२ लिहिणारे मूल मंदबुद्धीचे नसते. कानाने ऐकलेला क्रमच ते प्रामाणिकपणे लिहीत असते. 'एकोणतीस' या नावात तर वजाबाकीच दडली आहे : तिसाला एक उणा.

ही अडचण ओळखून बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशा वाचनाची पद्धत देण्यात आली. २०१९ मध्ये तिच्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले गणिताला घाबरतात, अशी गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची भूमिका होती. नावे कोणतीही वापरली, तरी ऐकलेली संख्या लिहिलेल्या संख्येशी पुन्हा पुन्हा जोडण्याचा सराव हवाच. असा सराव हाउजीत आपोआप घडतो.

हाउजीच्या तिकिटावर ३ ओळी, ९ स्तंभ आणि २७ घरे असतात. त्यांपैकी १५ घरांत १ ते ९० मधील संख्या असतात. पहिल्या स्तंभात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९ आणि शेवटच्यात ८० ते ९० अशी मांडणी असते. 'सत्तावीस' पुकारल्यावर मुलाला आधी विसाचा स्तंभ शोधावा लागतो आणि मग सात. स्थानिक किमतीचा पाठ असा खेळता खेळता गिरवला जातो.

पुढची पायरी बेरीज-वजाबाकीची. प्रत्येक मुलाने कागदावर ९ घरे आखून त्यांत १ ते २० मधील वेगवेगळ्या संख्या लिहाव्यात. मोठ्या माणसाने २० चिठ्ठ्या कराव्यात. चिठ्ठीवर १५ न लिहिता 'सात अधिक आठ' असे लिहावे. उत्तर आपल्या घरात असल्यास मुलाने त्यावर चिंचोका ठेवावा. एक ओळ भरली की डाव जिंकला. मात्र विजेत्याने प्रत्येक चिंचोक्याखालील संख्या कशी आली, हे सांगितले पाहिजे. चूक निघाल्यास चिंचोका उचलावा आणि खेळ पुढे चालू ठेवावा. फळ्यापुढे एकच मूल उत्तर देते. येथे प्रत्येक प्रश्न प्रत्येक मूल सोडवते.

दोन गोष्टींचे भान ठेवावे. खेळ हा सरावासाठी आहे. बेरीज म्हणजे काय, हे आधी वस्तू मोजून समजले पाहिजे. तसेच पैसे लावू नयेत आणि घाईही करू नये. सावकाश विचार करणाऱ्या मुलाला वेळ मिळाला नाही, तर खेळातूनही भीतीच वाढेल.

हाताळून शिकण्याचा हा विचार बंगळुरूला नवा नाही. २००० मध्ये तेथे स्थापन झालेल्या अक्षरा फाउंडेशनने 'गणित कलिका आंदोलन' या उपक्रमातून सरकारी शाळांना मणिचौकट, फासे, अपूर्णांकांचे तुकडे आणि खेळण्यातील नोटा असलेला गणित-संच दिला. 'कलिका' म्हणजे शिकणे.

शाळा अर्धवट सुटलेल्या अनेक पालकांना मुलाची वही उघडताना संकोच वाटतो. हाउजीसाठी मोठ्या शिक्षणाची गरज नाही. चिठ्ठ्या लिहिताना पालकाचाही सराव होतो. एकाच खेळात घरातील दोन पिढ्या शिकतात.

स्वाध्याय
१. २७ ऐकून ७२ लिहिण्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.
२. 'एकोण' ने सुरू होणारी पाच संख्यानामे लिहून त्यांतील वजाबाकी मांडा.
३. दोन फासे टाकल्यावर ७ ही बेरीज ६ प्रकारे येते, तर १२ एकाच प्रकारे. फाशांच्या हाउजीत तुम्ही कोणती संख्या निवडाल? का?