पक्षिनाम आणि पक्ष्याची ओळख : मद्रासच्या नोंदीपासून ॲपच्या रचनेपर्यंत

पक्षी ओळखणे ही क्रिया वरकरणी डोळ्यांची वाटते. वस्तुतः ती तितकीच भाषेचीही आहे. पाहिलेले रूप आणि समाजाने ठरवलेले नाव यांची गाठ घालून देणारे कोणतेही साधन, मग ते कोश असो, चित्रग्रंथ असो वा आजचे भ्रमणध्वनीवरील ॲप असो, दुभाष्याचे काम करीत असते. हे काम कोठे साधते आणि कोठे फसते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचाराला उपयुक्त ठरणारे एक जुने उदाहरण मद्रासचे आहे. सेंट जॉर्ज किल्ल्यातील शल्यवैद्य एडवर्ड बकली याने तेथील पक्ष्यांची चित्रे लंडनला जेम्स पेटिव्हर याच्याकडे पाठविली. त्यांवर आधारलेली वर्णने जॉन रे याच्या मरणोत्तर प्रकाशित झालेल्या ग्रंथात १७१३ मध्ये छापली गेली. त्या काळी किल्ल्याच्या उत्तरेस लागूनच ‘ब्लॅक टाउन’ ही देशी वस्ती होती. तेलुगू व तमिळ भाषकांची ही वस्ती व्यापारी आणि दुभाष्ये यांच्यामुळे गजबजलेली असे. अठराव्या शतकाच्या मध्यास ती पाडली गेली. तिच्या पलीकडे वाढलेल्या वस्तीला १९११ नंतर पंचम जॉर्ज याच्या नावावरून ‘जॉर्ज टाउन’ म्हणू लागले.

पेटिव्हरच्या नोंदींत एका पक्ष्याचे नाव ‘पोन्नुंकी पिट्टा’ असे येते. हा मराठीतील नवरंग होय. नाव तेलुगू आहे. त्यातील ‘पिट्टा’ म्हणजे केवळ पक्षी; हा पक्षी कोणता, हे सांगणारे पद ‘पोन्नंगी’ हे आहे. परंतु १८१६ मध्ये व्हिएयो याने प्रजातीला नाव दिले ते ‘पिट्टा’. अशा रीतीने भेद दाखविणारे पद गळाले आणि सामान्यवाचक पद शास्त्रात स्थिर झाले. चित्र अचूक पोहोचले, नावाचे अक्षरही बव्हंशी पोहोचले. पोहोचली नाही ती नावाची रचना. दुभाष्याविना शब्द प्रवास करतो तेव्हा असे घडते.

देशी पक्षिनामे ही निव्वळ चिठ्ठ्या नसून ती संक्षिप्त वर्णने आहेत. नवरंग हे नाव रंग सांगते, तर त्याच पक्ष्याला तमिळमध्ये ‘आरुमणिक्कुरुवि’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी, असे म्हणतात; कारण पहाटे आणि तिन्हीसांजेला तो साद घालतो. मराठीत हळद्या हा रंगावरून, माळढोक अधिवासावरून, रातवा वेळेवरून, सातभाई थव्यावरून, शिंपी आणि सुगरण घरटे बांधण्याच्या कसबावरून ओळखला जातो. टिटवी व तांबट यांची नावे कानाने ठेवलेली आहेत. ‘पेरते व्हा’ असे सांगणारा पावशा तर आवाज आणि ऋतू दोन्ही एका नावात बांधतो.

आता कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २०१४ मध्ये उत्तर अमेरिकेसाठी प्रथम उपलब्ध केलेल्या ‘मर्लिन’ या ॲपची रचना पाहावी. पक्षी कोठे दिसला, केव्हा दिसला, केवढा होता, कोणत्या रंगांचा होता आणि काय करीत होता, असे पाच प्रश्न ते विचारते. लोकनामांनी ज्या प्रश्नांची उत्तरे देऊन ठेवली, तेच बहुतांशी हे प्रश्न आहेत. परंतु येथे ‘केव्हा’ याचा अर्थ दिनांक असा आहे, प्रहर असा नाही. तमिळ नावातली खूण या प्रश्नात बसत नाही. आवाजावरून ओळख पटविण्याची सोय २०२१ मध्ये आली. टिटवीचे नाव ठेवणाऱ्याने मात्र आरंभच तेथून केला होता.

आकाराचा प्रश्न अधिक बोलका आहे. मर्लिनच्या मूळ मापपट्टीत चिमणी, रॉबिन, कावळा व हंसवर्गीय ‘गूज’ असे टप्पे आहेत. यातील रॉबिन अमेरिकी असून तो भारतीय रॉबिनपेक्षा, म्हणजे चिरकापेक्षा, बराच मोठा असतो. शब्द तोच राहतो, माप बदलते. सालीम अली यांनी १९४१ च्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’मध्ये चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार अशी परिचित पक्ष्यांची मापे वापरली. ग्रंथ इंग्रजी होता. पण मापपट्टी येथल्या अंगणातली होती. वापरणाऱ्याच्या अनुभवाचा विचार याहून वेगळा नसतो.

यावरून भाषांतर आणि रचना या दोन गोष्टी अलग मानता येत नाहीत, हे स्पष्ट होते. पक्ष्यांच्या नोंदींसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणालींत आज काही भारतीय भाषांतील नावे निवडता येतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र एका जातीस एकच प्रमाण नाव ठरविले की भारद्वाज राहतो आणि त्याच पक्ष्याला कुंभारकावळा किंवा सोनकावळा म्हणणारा माणूस दाराबाहेर उभा राहतो. उलटपक्षी, ‘खंड्या’ हे एक नाव अनेक जातींना लागू पडते. शास्त्राला एक निश्चित नाव लागते, हे मान्यच आहे. पण शोधाच्या चौकटीने सर्व नावे स्वीकारावीत आणि ‘खंड्या’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारावा. अशा ठिकाणी अनेकार्थता हा दोष राहत नाही, तो संवादाचा आरंभ ठरतो.

बोलींतील पक्षिनामे त्यांच्या अर्थासह, प्रदेशासह आणि नामकरणाच्या कारणासह संकलित करणे हे काम अभियंत्याचे नाही. ते भाषाभ्यासकाचे आहे. ते न झाल्यास ‘पिट्टा’ उरेल आणि ‘पोन्नंगी’ गळेल.