दुकानाबरोबर वायफायचेही शटर ओढा

अक्कलकोटच्या बाजारपेठेत कापड दुकान असो, टेलरिंग असो वा झेरॉक्सचे दुकान, वायफायचा राऊटर आता सर्रास दिसतो. रात्री आपण शटर ओढतो, कुलूप लावतो; राऊटर मात्र चालूच असतो. त्याच्या लहरी भिंत ओलांडून रस्त्यापर्यंत जातात. ही जोडणी आपल्या नावावर आहे, हे आम्ही व्यापारी बंधूंच्या लक्षात आणून देऊ इच्छितो.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या थोडा वेळ आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईत सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या जोडणीपर्यंत पोहोचला. त्यांचे वायफाय दुसऱ्यानेच वापरले होते; परंतु चौकशीला त्यांना तोंड द्यावे लागले. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वायफायचाही असाच गैरवापर झाला. तपास आधी जोडणीच्या मालकाकडे येतो. निर्दोष माणसालाही अशा चौकशीत दिवस, धंदा आणि अब्रू पणाला लावावी लागते. आपल्या समाजाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

यावरील पहिला उपाय म्हणजे मजबूत पासवर्ड. तो गिऱ्हाइकाला देऊ नये. द्यायचाच तर राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय सुरू करावे. दुसरा उपाय म्हणजे कामाच्या वेळेबाहेर वायफाय आपोआप बंद ठेवणे. दुसरा उपाय पहिल्याची जागा घेऊ शकत नाही, कारण दिवसा दार उघडेच असते.

कृती अशी :

१) राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. दुकानाच्या वायफायला जोडलेल्या मोबाइलवर किंवा संगणकावर तो उघडावा. कंपनीने दिलेला व्यवस्थापकाचा पासवर्ड तसाच असेल तर आधी बदलावा.

२) घड्याळ तपासावे. भारताची वेळ ग्रीनविचच्या साडेपाच तास पुढे आहे. वीज गेल्यावर काही राऊटरांचे घड्याळ मागे जाते व वेळापत्रक कोलमडते. म्हणून इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय चालू ठेवावी.

३) ‘वायरलेस शेड्यूल’ या सदरात वार व तास भरावेत. काही राऊटरांत खूण केलेले तास बंदचे असतात, काहींत चालूचे. वाचूनच खूण करावी. मध्यरात्र ओलांडणारी वेळ स्वीकारली जात नसेल, तर रात्री १० ते १२ आणि १२ ते सकाळी ८ असे दोन भाग करावेत.

४) गुरुवारी व गुरुपौर्णिमा, दत्तजयंतीसारख्या दिवशी स्वामी समर्थांच्या दर्शनाला गर्दी होते. तेव्हा दुकान उशिरापर्यंत चालत असेल तर त्या दिवसांची वेळ वाढवावी. रमजानसाठी वेगळी वेळ लावावी व ईदनंतर पूर्ववत करावी. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख उपयोगी पडत नाही.

वेळापत्रकाने फक्त लहरी बंद होतात, डबा चालूच राहतो. म्हणून विजेची बचत नगण्य असते. तारेने जोडलेला कॅमेऱ्यांचा संचही चालू राहतो, हा मात्र फायदा आहे. वायफायवर चालणारे कॅमेरे असल्यास त्यांचे चित्रण रात्री मोबाइलवर दिसणार नाही. आधी ते तारेवर घ्यावेत.

कॅमेरे किंवा इंटरनेटवरचा फोन नसेल, तर राऊटरला टायमरचा प्लग लावावा. १० वॅटचा राऊटर रोज १३ तास बंद राहिला तर वर्षाला सुमारे ४७ युनिट वाचतात. रक्कम मोठी नाही. पण इसराफ थोडा असला तरी इसराफच.

वेळापत्रक लावले की त्याच रात्री दुकानाबाहेर उभे राहून मोबाइलवर आपले वायफाय दिसते का ते पाहावे. दिसले नाही, तर काम झाले असे समजावे. माल राखतो तशी आपल्या नावाची जोडणी राखणे हाही व्यापाराचाच भाग आहे, असे आम्हास वाटते.