आमरी, बांडगूळ व संकर यांची पारख

नवी मुंबईच्या कडेस, पनवेलच्या बाजूला, ज्यांच्या बांधावर आंबा, ऐन किंवा जांभूळ अद्याप उभा आहे, त्या शेतकरीबंधूंसाठीं हा लेख आहे. प्रस्तुत लेखकानें पूर्वीं आपल्याच आंब्यावरील 'बांडगुळें' गड्याकडून खरवडून घेतलीं. चार दिवसांनीं त्या ढिगांत एक जांभळट तुरा उमललेला दिसला, तेव्हां ती आमरी, म्हणजे ऑर्किड, होती हें कळलें. तोंवर बाकीचीं रोपें वाळून गेलीं होतीं. ही चूक वाचकांकडून होऊं नये.

पहिली परीक्षा मुळांची. बांडगुळाचें मूळ सालींत शिरून फांदीचा रस शोषतें व पुढील फांदी वाळत जाते. आमरीचीं मुळें सालीवरून केवळ सरपटतात. त्यांवर पांढुरकें, स्पंजासारखें आवरण असतें. पाणी शिंपडतांच तें हिरवट दिसूं लागतें. आमरी पावसाचें व दंवाचें पाणी पिते, झाडाचा रस नव्हे. म्हणून बांडगूळ त्याच्या खालच्या बाजूनें फांदीसह तोडावें. आमरीस हात लावूं नये.

दुसरी परीक्षा फुलाची. आमरीच्या फुलाची एक पाकळी इतरांहून निराळी असते, तीस ओठ म्हणतात. पावसाच्या तोंडावर फुलणारी सीतेची वेणी (रिंकोस्टायलिस रेट्यूसा) आणि एरिडीस मॅक्युलोसा या दोहोंचे घोस झुकलेले व ठिपकेदार असल्यामुळें घोटाळा होतो. सीतेच्या वेणीचा घोस फार दाट असतो व ओठाची पिशवी मागें वळलेली असते. एरिडीसच्या ओठाचें शिंग पुढें वळतें. हिवाळ्यांत पानें झडलेल्या कांड्यांवर डेंड्रोबियमचीं फुलें येतात. त्यांत बार्बाट्युलम पांढरें, तर ओव्हाटम आकारानें लहान व फिकट पिवळसर असतें. मात्र शिळें पांढरें फूलही पिवळसर पडतें, म्हणून ताजेंच फूल पाहावें.

तिसरी परीक्षा संकराची. रंग किंचित् निराळा दिसला कीं संकर, असें समजूं नये. एकाच जातींतही रंगांत फरक असतो. दोन्ही जाती जवळपास असाव्यात, एकाच वेळीं फुलाव्यात, एकाच कीटकानें दोहोंचे परागपुंज वाहावेत, आणि फूल अनेक लक्षणांत मधलें असावें. सीतेची वेणी व हिवाळी डेंड्रोबियम यांचा बहर एका वेळीं येत नाहीं. तेथें संकराची शंकाच नको.

फिलिपीन बेटांतील एक फॅलेनॉप्सिस संकर असावा, असा तर्क लिंडले यांनीं १८५३ सालीं केला. १८८६ सालीं इंग्लंडांत व्हीच यांच्या रोपवाटिकेंत त्याच दोन जातींच्या कृत्रिम संयोगांतून तसेंच फूल आलें, तेव्हां तो तर्क सिद्ध झाला. तलाठ्यानें लिहिलेला फेरफार जसा चौकशीवांचून मंजूर होत नाहीं, तसाच हा न्याय आहे. शंका असल्यास वहींत झाड, जागा, तारीख व ओठाचा आकार लिहावा आणि पुढें 'संशयित' एवढेंच नोंदवावें. सांतापाव व कापडिया यांचा मुंबई इलाख्यांतील आमरींवरील १९६६ चा ग्रंथ पडताळ्यास उपयोगी आहे.

कर्नाळा अभयारण्यांतून नमुना म्हणूनसुद्धां रोप आणूं नये. परवानगीवांचून तसें करणें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा आहे. आपल्या बांधावरचीं जपलीं, तरी पुष्कळ झालें. यंदा आंबा साफ करण्यापूर्वीं आधीं मूळ पाहा, मग कोयता उचला.