बटण तीनदा बघणारे आजोबा

मिरज,
रविवार, दुपार

चि. मुग्धा,


तुझा मेसेज मिळाला. मानसशास्त्राची चार प्रकरणं वाचून झाली आणि 'मावशी, हा विषय अगदी सोपा आहे गं' असं तू लिहिलंस. त्या 'सोपा'वरच मला बोलायचंय. मोबाइलवर टाइप करत बसले तर माझा अंगठा कामातून जाईल, म्हणून हे पत्र.

गणपतीत आलीस तेव्हा आजोबांनी झोपण्याआधी गॅसचं बटण तीनदा पाहिलं आणि तू माझ्या कानाशी कुजबुजलीस, "यांना ओसीडी आहे." मी दुधावर जाळी ठेवत होते, तेव्हा गप्प बसले. आता सांगते. तुझ्या जन्माआधीची गोष्ट. आजी दूध तापत ठेवून शेजारी हळदीकुंकवाला गेली. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस चालूच. आजोबा आतल्या खोलीत झोपलेले. आजीला परतताना दारातच वास आला म्हणून बरं. त्या दिवसापासून आजोबा बटण बघतात: एकदा हात लावून, एकदा दिवा लावून आणि मग खाली वाकून सिलिंडरपाशी. एवढं झालं की पाचव्या मिनिटाला घोरायला लागतात. ज्याला खरंच तो मंत्रचळाचा आजार असतो, त्याला बघून झाल्यावरही चैन पडत नाही. रात्री जागून जातात, कामधंदा बुडतो. त्याचं निदान करायला माणसं वर्षानुवर्षं शिकतात, चार प्रकरणांत ते येत नाही.

रागावले नाही हं. बावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात हा विषय शिकवला, त्यात हा ताप दरवर्षी पाहिला. पुस्तक हातात पडलं की घरातल्या प्रत्येकाच्या कपाळावर डकवायला एकेक चिठ्ठी सापडते. मलाही तो ताप आला होता. लग्न नवीन होतं आणि सासूबाई समोर होत्या, पुढचं तू ताड.

आता तुझी ती चार प्रकरणं. कशी वाचलीस ते मला ठाऊक आहे. पिवळा हायलायटर, गुलाबी हायलायटर, मग पुन्हा एकदा वाचन. दुसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आलं असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी नेमकं हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचू दिला. दुसऱ्या गटाला थोडंच वाचू दिलं आणि मग उतारा काढून घेऊन 'आठवेल ते लिहा' असं तीनदा सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना सुमारे ६०. आणि गंमत पुढेच आहे. 'आपल्या चांगलं लक्षात राहील' ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! आमचे प्राथमिक शाळेतले गुरुजी पाढे ओळीने म्हणू देत नसत, मधूनच 'सतरा सक किती?' विचारत. त्यांनी हा प्रयोग वाचलेला नव्हता, पण पोरांच्या डोक्यात काय टिकतं ते त्यांना कळत होतं.

त्याच्याही कितीतरी आधी, १८८५ साली, एबिंगहाउस या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, स्वतःच विसरून, त्याचं मोजमाप छापलं. तासाभराने तीच यादी पुन्हा पाठ करायला बसलं, की पहिल्या मेहनतीतली निम्म्याहून अधिक वाया गेलेली असे. म्हणून तू एक कर. पान वाच, पुस्तक मिट, पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग उघडून ताडून बघ. पहिले आठ दिवस फार अपमानास्पद वाटेल.

बघायचंय? आत्ता पुस्तक न उघडता सांग, 'ऋण प्रबलन' म्हणजे काय? शिक्षा, असंच मनात आलं ना? माझ्या प्रत्येक वर्गात निम्मी मुलं हेच लिहीत. 'ऋण' म्हणजे वाईट नव्हे, 'ऋण' म्हणजे वजा. नको असलेलं काहीतरी निघून जातं आणि त्यामुळे ती कृती पुन्हा होते. तुझ्या बाबांच्या गाडीत पट्टा लावेपर्यंत टुणटुण वाजत राहतं, पट्टा लावला की थांबतं, म्हणून ते पट्टा लावतात. हे ऋण प्रबलन. पट्टा नाही म्हणून हवालदाराने पावती फाडली तर ती शिक्षा. आता याच डोळ्यांनी परवाचा प्रसंग आठव. बाजारात तुझ्या मामेभावाने जमिनीवर लोळण घेतली आणि मामीने कॅडबरी घेऊन दिली. लोळल्यावर कॅडबरी मिळते, हे पोरगं शिकलं. कॅडबरी दिली की भोंगा बंद होतो, हे मामी शिकली. दोघंही एकमेकांना शिकवतात आणि दोघांनाही वाटतं की समोरचाच बिघडलाय. हे चित्र नीट डोळ्यांपुढे आलं तर निम्मं प्रकरण आलं. (मामीला सांगायला मात्र जाऊ नकोस.)

पुढे समाजाचं प्रकरण येईल. त्यात किटी जेनोव्हीज भेटेल. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये रात्री रस्त्यावर तिचा खून झाला आणि अडतीस शेजारी खिडकीतून नुसते बघत राहिले, असं वर्तमानपत्रात छापून आलं. ही गोष्ट मी पंधरा वर्षं वर्गात अशीच सांगितली. हातवारे करून, आवाज बदलून. पोरं सुन्न व्हायची. मला ते आवडायचं, हेही कबूल करते. पुढे वाचनात आलं की अडतीस जणांनी उभं राहून खून बघितला, हे खरं नव्हतं. बऱ्याच जणांनी नुसता आवाज ऐकला होता आणि काय चाललंय ते उमगलं नव्हतं. एक शेजारीण तर जिन्याखाली धावत गेली आणि मरणाऱ्या किटीला तिने मिठीत धरलं होतं. पंधरा वर्षं त्या बाईला मी माझ्या वर्गात येऊच दिलं नाही. गोष्ट इतकी सुबक होती, की तपासावीशी वाटली नाही.

पण त्या बातमीवरून डार्ली आणि लाताने यांनी जे प्रयोग केले, ते पक्के आहेत. इंटरकॉमवर बोलता बोलता एका माणसाला झटका आल्याचं ऐकवलं. ऐकणाऱ्याला आपण एकटेच ऐकतोय असं वाटलं तर १०० पैकी ८५ जण झटका चालू असतानाच मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं तेव्हा ३१. माणसं दुष्ट होती म्हणून नव्हे. जबाबदारी वाटली गेली, एवढंच. तेव्हा कधी रस्त्यात पडलीस, तर 'कोणीतरी मदत करा' म्हणू नकोस. 'ओ निळा शर्ट, १०८ ला फोन लावा' असं म्हण.

तुझ्या पुस्तकात बहुधा नसेल, म्हणून आपल्या देशातलं एक सांगते. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद नावाच्या अभ्यासकाने त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या. धक्का बसला पण पडझड झाली नाही, अशा भागातल्या अफवा होत्या त्या. तिथे दिलासा देणाऱ्या अफवा उठाव्यात की नाही? उठल्या त्या आणखी भीतीच्या: वादळ येणार, पूर येणार, पुन्हा हादरणार. अमेरिकेतल्या फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाला हे वाचून कोडं पडलं. त्याला उत्तर सुचलं ते असं, की लोक आधीच घाबरलेले होते, पण समोर घाबरण्याजोगं काही दिसत नव्हतं. मग त्या भीतीला शोभेल असं कारण मनाने तयार केलं. १९५७ च्या त्याच्या 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स'च्या, म्हणजे बोधात्मक विसंगतीच्या, सिद्धांताचा धागा इथे आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं, तेव्हा आमची गल्ली कोरडी होती. तरीही रात्री दीड वाजता 'धरणाला तडा गेला' हा मेसेज मी तुझ्या आईला पुढे पाठवला. मी, जिने हा धडा बावीस वर्षं शिकवला! तुझ्या आईने तेव्हा फोनवर मला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

शेवटचं, विचारप्रक्रियेचं. हा एक खेळ मैत्रिणींबरोबर खेळ. तू मनात नियम धरायचा: 'चढत्या क्रमातले कुठलेही तीन आकडे'. त्यांना उदाहरण द्यायचं २, ४, ६. त्यांनी स्वतःचे तीन-तीन आकडे सांगायचे, तू फक्त 'बसतं' किंवा 'बसत नाही' म्हणायचं. खात्री झाली की त्यांनी नियम सांगायचा. पीटर वेसनने १९६० मध्ये हा प्रयोग छापला. २९ जणांपैकी फक्त ६ जणांचा पहिलाच अंदाज बरोबर आला. बाकीच्यांतले बरेच जण ८, १०, १२ मग २०, २२, २४ असं काहीसं विचारत राहिले, 'बसतं' ऐकून खूश झाले आणि 'दोन-दोनने वाढणारे' असं काहीतरी ठोकून दिलं. आपलं चुकत असेल तर ते कशाने कळेल, असा आकडा फार कोणी विचारलाच नाही.

काल हा खेळ मी आजोबांबरोबर खेळले. जन्मभर जिल्हा परिषदेत दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस. चष्मा पुसला आणि पहिलाच आकडा काय विचारला असेल? १०, ५, १. 'बसत नाही' म्हटल्यावर १, २, ९०. 'बसतं' म्हटल्यावर ४, ४, ४. मग म्हणाले, "चढते आकडे, एवढंच ना? चहा टाक."

चहा टाकला. तो उकळून गाळल्यावर ते उठून बटण बघून आले.

दिवाळीला येताना आईकडून माझी लोणच्याची बरणी आण. गेल्या वर्षीपासून तुमच्याकडेच आहे.

तुझी,
मावशी