आजार एक, नावे दोन

अहवाल वर्षातील एक प्रसंग येथे नमूद करणे उचित वाटते. यकृतात पाण्याची गाठ झालेल्या एका रुग्णाचे चिरंजीव कार्यालयात आले व म्हणाले, "साहेब, बाबांना आजार एक आहे की दोन?" केसपेपरवर 'हायडॅटिड सिस्ट' होते, प्रयोगशाळेच्या अहवालावर 'एकायनोकॉकोसिस', आणि या तफावतीवर बोट ठेवून विम्याचा दावा परत आला होता. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. एकच रक्कम दोन खात्यांवर दिसली की ताळेबंद जुळत नाही, एवढे त्यास ठाऊक. म्हणून वैद्यकीय सहकाऱ्यांकडून हा विषय समजून घेतला.

परोपजीवी जंतूंमुळे होणाऱ्या आजारांची जुनी नावे लक्षणांवरून वा समजुतींवरून पडली. पाय हत्तीसारखा सुजतो म्हणून हत्तीरोग. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थ दूषित हवा. १८८० मध्ये लाव्हराँ यांनी रुग्णाच्या रक्तात परोपजीवी पाहिला, १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे तो डासाच्या शरीरात शोधला. हवा निर्दोष ठरली; नाव मात्र टिकले.

नवी नावे परोपजीवीच्या शास्त्रीय नावास प्रत्यय जोडून होतात. येथेही दोन प्रघात आहेत. काळ्या आजारास कोणी 'लेश्मानियासिस' म्हणतात, कोणी 'लेश्मानिओसिस'. १९८८ मध्ये पशुवैद्यकातील परोपजीवीशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेच्या पुढाकाराने सर्वत्र 'ओसिस' हा एकच प्रत्यय वापरावा, अशी नियमावली प्रसिद्ध झाली. मानवी वैद्यकात मात्र अनेक नावांत 'इयासिस' रूढ आहे. प्रत्यय बदलला म्हणून आजार बदलत नाही, हे कुटुंबीयांनी ध्यानी घ्यावे.

'हायडॅटिड' हा शब्द पाण्याने भरलेल्या गाठीचे केवळ रूप सांगतो. 'एकायनोकॉकोसिस' हा शब्द कारण सांगतो: कुत्र्याच्या आतड्यातील एकायनोकॉकस नावाचा पट्टकृमी. कारण कळले की प्रतिबंधही कळतो. कुत्र्यांना वेळच्या वेळी जंताचे औषध द्यावे, कापलेल्या शेळ्यामेंढ्यांचे कच्चे अवयव त्यांना घालू नयेत, हात व भाजीपाला स्वच्छ धुवावा. २०२० मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीनेही 'सिस्टिक एकायनोकॉकोसिस' हेच नाव ग्राह्य धरले आहे.

दोन्ही नावे एकाच आजाराची असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिल्यावर सदर दावा मंजूर झाला. आता आपल्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर प्रमाण नाव, त्याशेजारी रूढ नाव व आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा संकेतांक लिहिण्याची पद्धत सुरू केली आहे. या बदलास खर्च जवळजवळ नाही. परंतु चिंतेत असलेल्या एका मुलाला "आजार एकच आहे" एवढे कागदावरूनच कळावे, हेही रुग्णसेवेचेच अंग आहे, असे आम्ही नम्रपणे मानतो.